शिआनच्या तटावर तुम्ही एकटेच गेलात

मनोहरभाऊ, आज अकरावा दिवस. भद्रावतीच्या तुमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तुमच्याविषयी चांगलंच बोलतो, आणि मला ते ऐकवत नाही. रडू येतं म्हणून नाही. रडू येतंच. पण खरं सांगतो, आता तुमच्यापाशी काय लपवायचं, तुमचं कौतुक मला तुम्ही जिवंत होते तेव्हाही ऐकवत नव्हतं. मला वाटलं होतं, माणूस गेला की त्याच्याविषयीचा हेवाही चितेवर जात असेल. नाही जात. मी घाटावरून आंघोळ करून आलो तर तो माझ्याआधीच घरी येऊन बसला होता.

बाकीच्यांचं तुम्हाला सांगायचं ते सांगून झालेलं दिसतं. माझं एक वाक्य राहिलं. तुमचे शिआनचे फोटो चांगले होते. बस, एवढंच. हे वाक्य माझ्या तोंडून यावं म्हणून तुम्ही दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत थांबलात, आणि मी ते दाताखाली धरून बसलो, जशी काही त्यावर माझी इस्टेट उभी होती.

आपण साडभाऊ. गोंडपिपरीच्या एका घरच्या दोन मुली, थोरली शकूबाई तुमची आणि धाकटी मंदा माझी. तुम्ही मोठे जावई, म्हणजे सासूबाईंच्या ताटातला पहिला वडा तुमचा. हेव्याची सुरुवात तिथूनच धरा. तुम्ही माजरीच्या कोळसा खाणीत सर्वेयर, मी चंद्रपुरात हायस्कूलला भूगोलाचा मास्तर. दोघांना कॅमेऱ्याचा नाद एकाच वर्षी लागला आणि दोघांच्याही बायकांनी कपाळावर हात मारला. आपल्या जिल्ह्यात कोणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की लोक एकच विचारतात, "वाघ भेटला काय?" तुम्ही म्हणत, "वाघाचे फोटो काढाले सारं जग येते बावा. आपल्या या परकोटाकडे कुत्रं नाई पाह्यत." म्हणून मग दर रविवारी सकाळी तुम्ही भद्रावतीहून पहिल्या बसनं यायचे आणि आपण चंद्रपूरच्या गोंडकालीन तटाच्या कडेनं चालायचो. आज जटपुरा गेट ते बिनबा गेट, पुढच्या रविवारी पठाणपुरा ते अंचलेश्वर. तटाला टेकून बांधलेली घरं, तटात ठोकलेल्या खुंट्या, त्यावर वाळणाऱ्या गोधड्या, भेगेतून वाढलेला पिंपळ. आणि सोबत आपलं भांडण.

भांडण ठरलेलं होतं. मी म्हणायचो, तट काढायचा तर त्याची वरची कड दिसली पाहिजे, त्यावर चार बोटं आभाळ दिसलं पाहिजे. नाहीतर तो तट कशाचा, ती कोणाच्याही न्हाणीची भिंत होऊ शकते. तुम्ही म्हणायचे, "अरे सुधाकर, भितीखाली उभा राह्यलेल्या माणसाले कड कुठी दिसते? मान वर कराव लागते. मान वर न करता जे दिसते, ते मी काढून राह्यलो." मी म्हणायचो, याला फोटो चुकणं म्हणतात. तुम्ही म्हणायचे, "असंन बा." आणि पोहे खायला थांबायचे. तुमच्या 'असंन बा'नं माझा जेवढा जीव जाळला तेवढा कोणत्याही शिव्यांनी नसता जाळला.

मग तुमच्या प्राचीला डॉक्टरकीसाठी शिआनला जागा मिळाली. तुम्ही मला फोन करून विचारलं, "चीन आपल्या वर येते का बाजूले?" भाऊ, मी चोवीस वर्षं छडी घेऊन चीनचा नकाशा शिकवत होतो. हवांग हो कुठून कुठे जाते, लोएस पठाराची माती पिवळी का, शिआन वेई नदीच्या काठी, जुनी राजधानी, भोवती चौकोनी तट, चारी दिशांना वेशी. तो तट मी वर्गात दरवर्षी एकदा बांधायचो आणि घंटा झाली की पुसायचो. आणि ज्याला चीन वर का बाजूला हे माहीत नव्हतं, तो आता तिथे जाणार होता. तेव्हा मला जे वाटलं ते भूगोलात बसत नाही.

तुम्ही मात्र लगेच म्हणालात, "तूही चाल. तिथल्या तटावर सायकल चालवता येते म्हणते प्राची. दोघं मिळून पुरा गोल फिरू." मी खूश झालो. पासपोर्ट काढला. मंदानं स्वेटरही आणला. आणि मग जायच्या महिनाभर आधी मी सगळ्यांना सांगितलं, हेडमास्तरांनी सुट्टी नाकारली. तुम्ही खवळलात. "कोन हाय तो? मी येऊन भेटू काय त्याले?" मी म्हटलं, नको भाऊ, नोकरीचा प्रश्न आहे. मंदाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी मोठा त्याग केल्यासारखा दोन दिवस कमी जेवलो.

अर्ज मी दिलाच नव्हता, भाऊ. लिहिला होता, टेबलाच्या खणात ठेवला होता, आणि तिथेच राहू दिला. का ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. आता सांगतो. मला शिआन बघायचं होतं, पण तुमच्या मागून बघायचं नव्हतं. तुमची मुलगी, तुमचं घर, तुम्ही पुढे आणि मी मागे, "हे आमचे साडभाऊ" म्हणून. चोवीस वर्षं ज्या गावाचा मी मालक होतो, त्या गावात मला पाहुण्याचा पाहुणा म्हणून जायचं नव्हतं. म्हणून नाही गेलो. आणि मग तुम्ही गेलात याचा तुमच्यावर राग धरला.

तीन आठवडे तुम्ही तिथे होते. रोज एक फोटो यायचा फोनवर आणि मी रोज अंगठा पाठवायचो. अंगठ्यात किती विष मावतं ते मला तेव्हा कळलं.

परत आलात ते डोक्यावर विचित्र कटिंग घेऊन, कानावर सफाचट आणि वर ब्रश. मी म्हटलं, "भाऊ, चीननं तुमची जकात केसात घेतली काय?" तुम्ही हसत डोक्यावरून हात फिरवला. सासूबाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं की जावई एवढा दूर जाऊन आला, तर गोंडपिपरीला मावंदं झालंच पाहिजे. शकूबाई म्हणाल्या, "माय, मावंदं काशीहून आल्यावर करतात. हे चीनले गेलते."

"असंन. समुद्र ओलांडला का नाई?"

मी भूगोलाचा मास्तर, मला गप्प कसं बसवतं. म्हटलं, "समुद्र नाही आई, विमान हिमालयाच्या अंगानं गेलं असेल."

"हिमालय?" सासूबाईंनी हात जोडले. "मंग तर करावच लागंन."

मावंदं म्हटलं की गंगा पाहिजे. गंगा नव्हती. तुमच्या बॅगेच्या कप्प्यात विमानात मिळालेली एक बंद बाटली निघाली, वर सगळी चिनी अक्षरं. सासूबाईंनी ती चौरंगावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि आरतीनंतर सगळ्यांना पळीपळी तीर्थ दिलं. पहिली पळी तुम्हाला. तुमचा चेहरा बदलला. दुसरी मला. लिंबाचं सरबत होतं, गोड आणि फसफसणारं. आपण एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बघून खांदे हलवत राहिलो. सासूबाईंनी स्वतःची पळी घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तिथल्या पाण्याले गोडी हाय बाप्पा. आनखी द्या मले." तेवढी पाच मिनिटं, भाऊ, माझ्या मनात तुमच्याविषयी काहीही वाकडं नव्हतं. तेवढीच.

मग जेवणाआधी अंगणात टीव्ही मांडून तुम्ही फोटो लावले. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर. तुम्ही एकेक फोटो दाखवत होते आणि तुमची ती रटाळ पद्धत, कुठली वास्तू किती जुनी हे सोडून सगळं सांगायचं. घंटा-मनोऱ्याचा फोटो आला तर तुम्ही सांगितलं, त्याच्या भोवतीच्या चौकात भुयारातून जावं लागतं आणि मी तीनदा चुकीच्या बाजूला निघालो. मातीच्या सैनिकांचा फोटो आला तर म्हणालात, "सैनिक हजारो, पन माह्या समोर एक बाई मोबाईल वर धरून उभी होती, म्हनून मले तिचा हातच जास्त दिसला." मोठ्या पॅगोड्यापाशी त्या जुन्या चिनी भिक्षूचा पुतळा आला, आपल्या देशातून पोथ्या घेऊन गेलेला. तो आपल्या भांदकला, म्हणजे तुमच्या भद्रावतीलाच, येऊन गेला असं काही जाणते म्हणतात, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही अंगणाला सांगितलं, "म्या त्याले नमस्कार केला, म्हटलं मीही तिकडूनच येऊन राह्यलो, तुमच्या पोथ्या पोचल्या का?" सगळे हसले. माझी माहिती, तुमचा हशा.

खाऊगल्लीचे फोटो आले, परातीएवढ्या वाडग्यात बोटभर रुंद शेवया, डाळिंबाचा रस काढणाऱ्या बाया, लोखंडी सळ्यांवर मटण. बागेत सकाळी नाचणारी म्हातारी जोडपी. तटावर सायकलींची रांग, लाल कंदील, आणि तट एवढा रुंद की सासूबाई म्हणाल्या, "यावर तं बैलांचा शंकरपट भरवता येते." आणि मी सतरंजीवर बसून पाय बदलत होतो, कारण तुम्ही ज्या तटावर सायकल चालवली त्यावर मी फळ्यावरच्या खडूनं चोवीस वर्षं चाललो होतो.

तेवढ्यात तो न्हाव्याचा फोटो आला.

तटाच्या खाली बाग आहे तिथे झाडाखाली एक म्हातारा न्हावी, खुर्चीवर त्याहून म्हातारा गिऱ्हाईक, डोळे मिटून, मान मागे टाकून. आणि मागे विटांचा तट, फोटोच्या वरच्या काठापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. कड नाही, आभाळ नाही.

अंगण गप्प झालं होतं, आणि ती शांतता मला सोसली नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "भिंत कापली तुमी, भाऊ."

तुम्ही वळून पाहिलं. "कापली. मुद्दाम."

"चुकलं की सगळेच मुद्दाम म्हणतात. एवढ्या दूर गेले अन् भिंत अर्धीच घेऊन आले. यापेक्षा इथल्या न्हाण्यांचे फोटो काढले असते तर विमान तरी वाचलं असतं."

लोक हसले. लोकांचं काय, ते तुमच्यावरही हसले होते, माझ्यावरही हसले असते. पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही "असंन बा"सुद्धा म्हणाला नाहीत. तुम्ही पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि म्हणालात, "चला, पंगत थंड होऊन राह्यली." अजून अर्ध्याच्या वर फोटो बाकी होते.

नंतर तुम्ही रविवारी येणं कमी केलं. गुडघे दुखतात म्हणालात. दुखतही असतील. एकदा संक्रांतीला घरी आलात, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणालात, "बाकीचे फोटो तू एकटाच पाह्य न कधी. फुरसतीनं." मी म्हटलं, पाहू ना, परीक्षा होऊन जाऊ द्या. परीक्षा झाल्या. पेपर तपासून झाले. निकाल लागला. त्या दिवशी सकाळी शकूबाईंचा फोन आला तेव्हा मी खरंच मोकळा होतो, भाऊ. हाताला एकही काम नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझे हेडमास्तर भेटायला आले. तुमच्या ओसरीत बसले, चहा घेतला, आणि दुःखाच्या ठिकाणी माणूस काहीतरी आठवण काढतो तशी त्यांनीही काढली. "तुमचे साडभाऊ मागच्या वर्षी शाळेत आले होते मला भेटायला. तुम्ही वर्गावर होता. म्हणे, सुधाकरले सुट्टी काऊन नाई देत? मी म्हटलं, अहो, माझ्याकडे अर्जच नाही आला. तर म्हणाले, बरं बरं, माझीच काही गफलत झाली असंन, त्याले सांगू नका मी आलतो म्हणून. म्हणून नाही सांगितलं मी."

शकूबाई बाजूलाच होत्या. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. मी कप खाली ठेवला.

म्हणजे जाण्याच्या आधीपासून तुम्हाला माहीत होतं. विमानात बसताना माहीत होतं. रोज फोटो पाठवताना माहीत होतं, माझ्या अंगठ्याचा अर्थही कळत असणार. आणि मावंद्याच्या अंगणात, वीस-पंचवीस माणसं माझ्या जोरावर तुमच्यावर हसत होती, तेव्हा तुमच्याजवळ एक वाक्य होतं. "याले बोलावलं होतं, हा आला नाई, अन् खोटं बोलला." एवढं बोलला असता तर मी गोंडपिपरीला पुन्हा तोंड दाखवलं नसतं. तुम्ही ते वाक्य तोंडात ठेवून पंगतीला बसलात आणि मला वाढलं. माझ्या ताटात पहिला वडा तुम्ही वाढला होता त्या दिवशी. मी तो खाल्लाही.

भाऊ, यासाठी मी तुमचे उपकार मानायला पाहिजेत. मानतो. पण तुमच्यावर रागही आहे. एकदा तरी ओरडायचं होतं ना माझ्यावर. मोठेपणात तरी मला थोडी जागा ठेवायची होती.

परवा शकूबाई म्हणाल्या, "तेरवीले त्यायनं काढलेला एक फोटो मोठा करून लावू म्हणतो. तुमीच निवडा. ते म्हणत, सुधाकरले फोटोतलं कळते." प्राचीनं लॅपटॉप उघडून दिला. ती शिआनहून दुसऱ्या दिवशी पोचली होती, बापाचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही. ती माझ्या बाजूला पाय पोटाशी घेऊन बसली.

खोटं कशाला बोलू, मी चुका शोधायलाच बसलो. आणि सापडल्याही. क्षितिज तिरपं, दोन ठिकाणी हात हललेला, मातीच्या सैनिकांपुढे ती मोबाईलवाली बाई. जीव थोडा थंड झाला. मग तुम्ही मावंद्याला न दाखवलेले फोटो आले. पहाटेच्या बागेत एक म्हातारा लांब दांड्याच्या ब्रशनं फरशीवर पाण्यानं अक्षरं लिहीत होता. तुम्ही अक्षरं घेतलीच नाहीत, त्याच्या पायातल्या ओल्या झालेल्या जोड्यांचा फोटो घेतला. पावसात तटावर दोघांची सायकल, नवरा पायडल मारतोय आणि मागे बसलेल्या बायकोनं छत्री फक्त स्वतःवर धरलीय. खाऊगल्लीत सळ्यांना वारा घालणारा माणूस, धुरात फक्त त्याचे दात. एकेक फोटो पुढे सरकत होता आणि मी मांडी घट्ट आवळत होतो. यातला एकही मला सुचला नसता. मी तिथे गेलो असतो तर तट काढला असता, पूर्ण, कडेसह, वर चार बोटं आभाळ. भूगोलाच्या पुस्तकात छापण्याजोगा.

न्हाव्याचा फोटो आला तेव्हा प्राची म्हणाली, "काका, इथे पप्पा अख्खी सकाळ बसले. मी म्हणून राह्यली, चला, कॉलेजला उशीर होते. तर म्हणे, फुकट कसं काढू त्याचे फोटो, अगुदर कटिंग करून घेतो. त्या न्हाव्यानं त्यायची ती अवस्था केली."

"अन् हा फोटो?"

"तो कटिंग झाल्यावर. म्हणे, मले खुर्चीत बसल्यावर मागं फक्त भितच वाटली, वर काही आहे असं वाटलंच नाई."

मी फोटोकडे पाहत राहिलो. तो म्हातारा मान मागे टाकून, डोळे मिटून, परक्या हातातल्या वस्तऱ्यापुढे गळा उघडा करून निवांत. मागे फक्त विटा. कड दिसली असती तर ते एक प्रेक्षणीय स्थळ झालं असतं. कड नाही म्हणून तो म्हातारा त्याच्या गावात आहे. भाऊ, तुमचं बरोबर होतं. पठाणपुऱ्याच्या पहिल्या रविवारपासून तुमचंच बरोबर होतं आणि मी त्यावर कितीतरी रविवार पोहे खाल्ले.

तोच फोटो निवडला. इतका हेवा वाटूनही निवडला, याचं श्रेय मला द्या. दुसरं कोणी देणार नाही.

काल चंद्रपूरला आपल्या नेहमीच्या स्टुडिओत मोठा करायला दिला होता, आज आणायला गेलो. स्टुडिओवाला मला वर्षानुवर्षं ओळखतो, माझे सगळे तट त्यानंच छापले आहेत. त्यानं प्रिंट काउंटरवर उलगडली, चष्मा डोक्यावर सरकवला, आणि त्यावर वाकून पाहिलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "या इकडे, पाहा, सरनं काय फोटो काढला!" दोघं-तिघं आले. एक जण म्हणाला, "जबरदस्त, सर." मी मान खाली घालून हसलो. विनयानं हसतात तसं. माझ्या उभ्या आयुष्यात मला फोटोवरून असं कोणी म्हटलं नव्हतं, भाऊ, आणि ते कानाला किती गोड लागतं हे मला आजच कळलं.

प्रिंट गुंडाळून घेतली, गाडी चालू केली, जटपुरा गेटच्या गर्दीत अडकलो. पुढे ऑटो, मागे बस. हॉर्न वाजत होते आणि माझ्या काखेत तुमचा न्हावी होता. मी गाडी वळवली. लोकांनी शिव्या दिल्या, वळवायची जागा नव्हती.

स्टुडिओवाल्याला म्हटलं, "तो फोटो माझा नाही. आमच्या मनोहरभाऊंचा आहे. ते गेले. फोटो फार चांगले काढत. माझ्यापेक्षा चांगले."

एवढं बोलायला मला इतके दिवस लागले, आणि ऐकायला कोण तर स्टुडिओवाला. त्याला वाईट वाटलं असेल, वाटलंच असणार. पण त्याच्या तोंडून पहिलं निघालं ते असं: "असं काय! तरीच म्हटलं!"

तरीच! गेट ओलांडेपर्यंत मी त्याच्यावर चिडलो होतो, बिनबापर्यंत तुमच्यावर. घरी येऊन चपला काढेपर्यंत ठरवलंही होतं की आज तुम्हाला फोन करून हे सांगायचं, एकेक शब्द, त्याच्या आवाजात, आणि तुम्ही पलीकडे पोट धरून हसाल ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचं.